नवऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे?

गरोदर बाईची कुठलीही फाईल उघडून पाहा. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, कावीळ बी, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल आणि एचआयव्ही. रिपोर्टांची चळत असते आणि प्रत्येकावर नाव तिचं. मूल दोघांचं असतं, तपासणी एकटीची होते. तिचा रक्तगट निगेटिव्ह निघाला तरच नवऱ्याच्या रक्ताची आठवण येते.

आज मला या फाईलमध्ये नसलेल्या कागदाबद्दल बोलायचं आहे. थोडं रागाने बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माझी मधुमेहाची एक जुनी पेशंट सुनेला घेऊन आली. सून बावीस-तेवीस वर्षांची, चौथा महिना चालू. एका दवाखान्यात केलेल्या तपासणीत एचआयव्ही पॉझिटिव्ह आला होता आणि तिथल्या कोणीतरी तो रिपोर्ट सुनेला न देता थेट सासूच्या हातात ठेवला होता. कायद्याने असं करता येत नाही, पण ते पुढे बोलू.

"डॉक्टर, माहेराहूनच घेऊन आली हो ही. आमच्या घरात असलं काही नाही."

मी विचारलं, "मुलाची तपासणी केली का?"

"त्याची कशाला? तो धडधाकट आहे. रोज कंपनीत जातो."

सून खाली मान घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आजाराच्या भीतीपेक्षा आता घराबाहेर काढतील याची भीती जास्त होती.

चार निरोपांनंतर नवरा आला. सरकारी केंद्रात त्याची तपासणी झाली, पॉझिटिव्ह आली. त्याचा सीडी४ दोनशेच्या खाली, तिचा सहाशेच्या वर. सीडी४ म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. एचआयव्ही त्या हळूहळू खाऊन टाकतो. नुसत्या या आकड्यावरून आधी लागण कोणाला झाली हे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण घसरणीचा वेग माणसागणिक वेगळा असतो. पण त्यांच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि एवढी घसरण व्हायला साधारणपणे कित्येक वर्षं लागतात. नवरा समजूतदार निघाला. आईला त्याने स्वतःच सांगितलं. त्या गप्प झाल्या. सुनेची माफी मात्र त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही.

वाचकहो, हा प्रकार अपवादात्मक असता तर मी लेख लिहायला बसलो नसतो. आपल्याकडे गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी सर्रास होते आणि ती व्हायलाच हवी, कारण त्यामुळे बाळ वाचतं. पुरुषाची तपासणी व्हावी असा प्रसंगच त्याच्या आयुष्यात येत नाही. मग घरात पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुतेक वेळा कोणाचा येणार? बाईचा. आणि ज्याचा रिपोर्ट आधी, त्याने आजार आणला, असं आपण ठरवून मोकळे होतो. ज्याच्या घरात आधी थर्मामीटर लावला त्याच्याच घरातून ताप पसरला, असं म्हणण्यासारखं आहे हे.

पण हा लेख दोषाचा पंचनामा करायला नाही. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. स्त्री-पुरुष संबंधांतून होणारा एचआयव्हीचा प्रसार थांबवण्याची साधनं आज आपल्या हातात आहेत, त्यातली बरीचशी फुकट आहेत, आणि ती सगळी एका ठिकाणी येऊन अडतात: नवऱ्याची तपासणी झालेली नसते.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. १९९०च्या दशकात मी निवासी डॉक्टर होतो. तेव्हा वॉर्डात एड्सचे पेशंट यायचे आणि आमच्याकडे देण्यासारखं फार काही नसायचं. क्षयरोग, जुलाब, तोंडातली बुरशी यांवर इलाज करायचा आणि वाट बघायची. त्या काळात आम्हा तरुण डॉक्टरांना महिला मंडळांत, महाविद्यालयांत भाषणं द्यायला पाठवत. माझं भाषण ठरलेलं होतं: जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, एड्स तुमच्या वाटेला जाणार नाही. टाळ्याही मिळत. एकदा एका तालुक्याच्या गावी भाषण संपल्यावर एक बाई मागे थांबली. म्हणाली, "साहेब, मी राहिले की एकनिष्ठ. मला का झाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर खरं तर पुण्यातच सापडलं होतं. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या ९१६ बायकांची तपासणी केली. १९९७ मध्ये त्याचा निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देहविक्री करणाऱ्या बायकांपैकी जवळपास निम्म्या पॉझिटिव्ह होत्या, याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. धक्का बसला तो उरलेल्यांच्या आकड्याने: १३.६ टक्के. यातल्या बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज कोणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. त्यांना धोका होता तो फक्त नवऱ्याकडून.

म्हणजे 'एकनिष्ठ राहा' हा उपदेश ज्यांनी पाळला, त्यांनाच तो उपयोगी पडला नाही. एकनिष्ठता संरक्षण देते, पण दोघांनी पाळली तर. आणि त्यातही, लग्नाच्या दिवशी दोघंही निगेटिव्ह असतील तर. एकट्या बाईचं पातिव्रत्य तिचं विषाणूपासून रक्षण करू शकत नाही. विषाणूला ते कळत नाही.

आता थोडं विज्ञान, म्हणजे पुढचं नीट समजेल.

एचआयव्ही वीर्यात, योनीस्रावात, रक्तात आणि आईच्या दुधात असतो. उपचार न घेणाऱ्या पॉझिटिव्ह पुरुषाशी कंडोमशिवाय योनीमार्गे संबंध आला, तर एका वेळी बाईला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. उलट दिशेने, म्हणजे बाईकडून पुरुषाला, ती साधारण निम्मी. कारण शरीररचनेत आहे. योनीचं अस्तर मोठं आणि नाजूक, शिवाय वीर्य तिथे बराच वेळ राहतं. गुदमार्गे संबंधात धोका यापेक्षा कितीतरी जास्त. हे आकडे वाचून काही जण मनात म्हणतील, "अरे, एवढंच?" थांबा. ही सरासरी आहे. नवीन लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिले काही आठवडे विषाणू उतू जात असतात आणि त्या काळात धोका अनेक पटींनी वाढतो. दोघांपैकी कोणाला गुप्तरोगाची जखम असेल तर आणखी वाढतो. बाईला असा आजार असूनही लक्षणं न दिसणं हे तर नेहमीचं. आणि संसार म्हणजे एक रात्र नव्हे. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी उचलत राहायचं, तर कधीतरी नको ती निघतेच.

तरीही कमी सरासरीचा एक मोठा फायदा आहे आणि तो कोणी सांगत नाही. एक पॉझिटिव्ह आणि दुसरा अजून निगेटिव्ह, अशी जोडपी पुष्कळ असतात. लग्नाला पाच-सात वर्षं होऊनही. म्हणजे वेळ मिळतो. नवऱ्याची तपासणी आज झाली, तर बायको वाचवता येते. (आणि बायको पॉझिटिव्ह, नवरा निगेटिव्ह असं असेल तर नवराही. मी पुरुषांच्या विरोधात लिहितोय असं वाटत असेल त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

"पण डॉक्टर, आम्हाला दोन मुलं आहेत, माझं ऑपरेशन झालंय."

हे वाक्य मी कितीदा ऐकलंय याची गणती नाही. कंडोमचा विषय काढला की बाई हेच सांगते. तिचं चुकत नाही, आम्ही तिला तसंच शिकवलं. १९६८ साली निरोध आला तो कुटुंब नियोजनासाठी, आणि तेच त्याच्या डोक्यावर कायमचं बसलं. मूल नको म्हणून निरोध. मुलं झाली, टाके टाकले, निरोध संपला. महाराष्ट्रात कुटुंब नियोजनाचा भार मुख्यतः बायकांच्या ऑपरेशनवर आहे. सर्वेक्षणांत जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ते झालेलं दिसतं, पुरुष नसबंदी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे तिशीच्या आतबाहेर राज्यातल्या लाखो बायकांच्या संसारातून कंडोम हद्दपार होतो आणि पुन्हा कधी येत नाही. तांबी, गर्भनिरोधक गोळ्या, ऑपरेशन यांपैकी एकही गोष्ट एचआयव्ही अडवत नाही. संबंधानंतर धुऊन घेतल्यानेही काही होत नाही. उलट आतून पाण्याने किंवा औषधाने धुतलं तर अस्तराला इजा होऊन धोका वाढू शकतो. नेमाने, प्रत्येक वेळी वापरलेला कंडोम एचआयव्हीचा प्रसार साधारण ८० टक्क्यांनी कमी करतो. 'प्रत्येक वेळी' हे शब्द महत्त्वाचे.

आणि इथे एक लाजिरवाणी तुलना करावीशी वाटते. १९९० च्या दशकात सांगलीत 'संग्राम' संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातल्या बायकांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. कोलकात्यात सोनागाचीत १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी तशाच कामाला सुरुवात केली. या बायकांनी एकमेकींना कंडोम वाटले आणि एक गोष्ट पक्की केली: कंडोम नाही तर गिऱ्हाईक नाही. एकटी बाई म्हणाली असती तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात गेलं असतं. पण सगळ्याच दारांत तेच उत्तर मिळायला लागलं. ज्यांना आपण समाजाच्या तळाला बसवलं, त्या बायका 'आधी कंडोम' म्हणू शकल्या. बंगल्यात राहणारी पदवीधर बायको नवऱ्याला हे म्हणू शकते का? म्हणून बघा. पहिला प्रश्न येईल, "माझ्यावर संशय घेतेस का?" आणि दुसरा, "की तुझंच काही आहे?"

म्हणून मी माझ्या पेशंट बायकांना एक युक्ती सांगतो. माझ्या नावावर खपवा. "डॉक्टरांनी सांगितलंय, इन्फेक्शन आहे, दोघांच्या तपासण्या होईपर्यंत निरोध वापरायचा." काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, ते म्हणतात तू खोटं बोलायला शिकवतोस. पण मी खरोखरच सांगितलेलं असतं, तेव्हा खोटं कसं? घरात भांडण करण्यापेक्षा डॉक्टरला शिव्या बसलेल्या परवडतात. आम्हाला सवय असते.

आता सगळ्यात मोठी बातमी, जी तुमच्यापर्यंत पोचलीच नाही.

एचआयव्हीचं औषध हेच एचआयव्हीचं सर्वांत प्रभावी प्रतिबंधक आहे. यावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती, जवळपास सगळी स्त्री-पुरुष जोडपी, एक पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह. आपल्या पुण्यातलीही जोडपी त्यात होती. एका गटात पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच औषध सुरू केलं. दुसऱ्या गटात त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे सीडी४ घसरेपर्यंत थांबले. २०११ साली निकाल आला. जोडीदाराकडूनच आलेली लागण एकूण २८ जणांना झाली होती. लगेच औषध घेणाऱ्यांच्या गटात त्यातली किती? फक्त एक. पुढे युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला. विषाणू दबलेला असताना कंडोमशिवाय आलेले सुमारे ५८ हजार संबंध त्यात मोजले गेले आणि जोडीदाराकडून लागण एकालाही झालेली सापडली नाही.

याचा अर्थ साध्या मराठीत असा: पॉझिटिव्ह माणसाने गोळी रोज घेतली, रक्तातला विषाणू मोजण्याची व्हायरल लोड तपासणी केली आणि त्यात विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला एचआयव्ही देत नाही. ही पातळी गाठायला साधारण सहा महिने धरा. तोवर कंडोम हवाच. नंतरही गोळ्या चुकवल्या की विषाणू परत डोकं वर काढतो, म्हणून व्हायरल लोड ठरलेल्या वेळी करत राहायचा. इतर गुप्तरोग मात्र या गोळीने अडत नाहीत आणि अंगावर पाजण्याच्या बाबतीत 'शून्य धोका' असं म्हणता येत नाही, त्याचा सल्ला वेगळा घ्यावा.

आपल्या सरकारी एआरटी केंद्रांवर ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून तर सीडी४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करायचं असं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तीस वर्षांपूर्वी त्या वॉर्डात मी हे स्वप्नातही पाहू शकलो नसतो.

पण गोळी कोणाला देणार? ज्याची तपासणीच झाली नाही त्याला कशी देणार? तो धडधाकट दिसतो, रोज कंपनीत जातो. एचआयव्ही आठ-दहा वर्षं काहीही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे सुमारे चार लाख लोक आहेत, देशात सर्वांत जास्त. त्यातले काही असे आहेत ज्यांना हे अजून माहीतच नाही. त्यांच्याकडून त्यांच्या बायकांना जो धोका आहे तो कोणी हेतूने देत नाही. नुसतं माहीत नाही म्हणून.

मगाशी सांगितलेल्या त्या सासूबाई दोनेक वर्षांनी पुन्हा आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "धाकट्याचं जमवतोय. मुलीची ती तपासणी करता येईल का, तिला न कळता?"

एवढं होऊनही प्रश्न मुलीच्याच तपासणीचा! मी म्हटलं, तिला न कळता अजिबात करता येणार नाही. तिच्या संमतीने करता येईल, आणि सोबत धाकट्याला आणा, दोघांची एकदम करू. त्या "बघते" म्हणाल्या. धाकटा अजून आलेला नाही.

लग्नाआधी दोघांनी स्वखुशीने तपासणी करणं उत्तम. मी प्रत्येकाला सांगतो. पत्रिकेतले गुण बघायला वेळ असतो, तर यालाही असावा. पण "कायदाच करा, सक्ती करा" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गोव्यात अशी घोषणा २०१९ मध्ये झाली होती, आपल्याकडेही अधूनमधून कोणीतरी ही मागणी करतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने हा प्रयोग १९८८ मध्ये करून पाहिला. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची तपासणी झाली आणि पॉझिटिव्ह निघाले आठ. लग्न करणारे शेजारच्या राज्यांत जाऊन लग्नं उरकू लागले. पुढच्याच वर्षी कायदा मागे घेतला. आपल्याकडे तर शेजारच्या राज्यातही जावं लागणार नाही, पाचशे रुपयांत निगेटिव्ह सर्टिफिकेट देणारा कोणीतरी गल्लीतच भेटेल. आणि सर्टिफिकेट खरं असलं तरी ते एका दिवसाचं चित्र आहे. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत लागण झाली असेल तर तपासणीत ती दिसत नाही. साध्या रॅपिड टेस्टसाठी हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात. त्यानंतरची तीस वर्षं तर त्यात येतच नाहीत.

मग तपासणी पुन्हा कधी? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वेळ गरोदरपणाची, आणि तिथेच आपण दार लावून बसलोय.

बाई पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याला बोलवा, असं सरकारी कार्यक्रम सांगतो. पण निगेटिव्ह आली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, नवऱ्याचं नावही निघत नाही. विचार करा. ती तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आहे आणि नवरा पॉझिटिव्ह आहे, त्यालाही माहीत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत बाईला लागण होण्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली असते. शिवाय पोट वाढलं की 'आता कशाला निरोध' असा विचार दोघंही करतात. त्या काळात तिला नव्याने लागण झाली, तर तिच्या रक्तात आणि दुधात विषाणूंची संख्या प्रचंड असते आणि बाळाला धोका सर्वांत जास्त असतो. फाईलमध्ये मात्र तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट दिमाखात लावलेला असतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात गेलेली मुलगी बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परतते. या मधल्या काळात सगळेच नवरे बाहेर जातात असं मी म्हणत नाही, बहुतेक जात नाहीत. पण जे जातात त्यांची बायको परत येते तेव्हा ती अंगावर पाजत असते. त्या घरी निरोधाची गरज कधी नव्हती एवढी असते आणि त्याच वेळी ते मागणं तिला सगळ्यात अवघड असतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गरोदर बाईच्या पहिल्या भेटीत दोघांची एचआयव्ही आणि व्हीडीआरएल तपासणी. तिचा रिपोर्ट काहीही येवो. यात नवऱ्यावर संशय नाही. तिची तपासणी करताना आपण तिच्या चारित्र्यावर संशय घेतो का? नाही ना? मग त्याची करताना तो प्रश्न कुठून येतो?

"कुठून आला" हे विचारण्यात तर वेळच घालवू नका. लग्नाआधीचा एखादा संबंध असेल, सुईतून असेल. काही पुरुषांना पुरुषांचं आकर्षण असतं आणि घरच्यांनी बळजबरीने बोहल्यावर चढवलेलं असतं, त्यातून असेल. खरं सांगितलं की फाडून खातील अशी भीती असेल, तर कोणीही खरं सांगणार नाही आणि तपासणीलाही येणार नाही. चारित्र्याची चौकशी करणारा डॉक्टर आजार पसरवायलाच मदत करतो. हे मी माझ्या व्यवसायबंधूंना उद्देशून लिहितोय. ऑपरेशनपूर्वी न सांगता 'रुटीन'मध्ये एचआयव्ही उरकणारे, रिपोर्ट नातेवाइकांच्या हातात देणारे आपल्यातच आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो आणि पॉझिटिव्ह आहे म्हणून कोणाला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. जोडीदाराला धोका असेल आणि समुपदेशन करूनही पेशंट स्वतः सांगणार नसेल, तर त्याला तशी कल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतो. पण सांगितल्याने पॉझिटिव्ह बाईला मारहाण होण्याची, तिला टाकून देण्याची भीती असेल, तर नाही. सासूचा उल्लेख या कायद्यात कुठेही नाही.

दोन गोष्टी झटपट. कंडोम फाटला किंवा बळजबरी झाली, जोडीदार पॉझिटिव्ह आहे किंवा असण्याची शंका आहे, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, २८ दिवसांची औषधं सुरू करता येतात. 'उद्या बघू' म्हणू नका, रात्री दोन वाजता सरकारी रुग्णालयात जा. आणि जोडीदार पॉझिटिव्ह आहे पण औषध घेत नाही किंवा विषाणू अजून दबलेला नाही, तर निगेटिव्ह जोडीदारालाही रोजची प्रतिबंधक गोळी घेता येते. केनिया आणि युगांडातल्या अशा जोडप्यांमध्ये तिने लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली होती. डॉक्टरांना विचारून, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायची. ज्यांचं एक पॉझिटिव्ह आहे त्यांनी मूल होऊ देऊ नये, हा समजही जुना झाला. विषाणू दबल्यावर नेहमीच्या मार्गाने मूल होतं. ते जोडपं, ज्यांच्यापासून मी सुरुवात केली, त्यांची मुलगी अठरा महिन्यांच्या तपासणीत निगेटिव्ह आली. नवऱ्याचा व्हायरल लोड आज सापडत नाही, बायकोचाही नाही. दोघं केंद्रावर एकत्र येतात, रजा टाकून.

तपासणी कुठे करायची? जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय इथे समुपदेशन व चाचणी केंद्र असतं, त्याला सगळे आयसीटीसी म्हणतात. पैसे लागत नाहीत. बोटभर लांबीच्या पट्टीवरची तपासणी असते. रिपोर्ट तुमच्या हातात देतात आणि आधी-नंतर समुपदेशक बोलतो. शंका असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन गरोदरपणाच्या तपासणीला जाणार असाल, तर बाहेर बाकावर मोबाईल बघत बसू नका. आत या, बाही वर करा आणि माझंही रक्त घ्या म्हणून सांगा. नर्सबाई जरा चमकून बघतील. बघू देत.